सातव्या पोस्टवरचा थांबा

हे मी ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही, माझे वरिष्ठ घटक सर सोडले तर. त्यांनाही सांगावं लागलं नाही खरं तर, ते येईल पुढे. फक्त मध्ये बोलू नका. मध्ये कुणी बोललं की माझे आकडे चुकतात, आणि ही सगळी गोष्ट आकड्यांचीच आहे.

माझं काम तुम्हाला माहितीच आहे. कोळशाचे लांब लांब बेल्ट. खाणीतून कोळसा उचलायचा आणि दहा-पंधरा किलोमीटरवर नेऊन टाकायचा. ट्रक नाही, मालगाडी नाही, नुसता रबराचा पट्टा, रोलरवरून घरंगळत जाणारा. तो किती रुंद हवा, कुठे किती ताकदीची मोटर बसवायची आणि सगळ्याला मिळून किती पैसे लागतील, हे आम्ही रांचीत बसून काढतो. म्हणजे घटक सर काढतात, मी बेरजा करते आणि चहा सांगते.

तर चैतात आमच्याकडे सोळा किलोमीटरचा एक बेल्ट आला होता. तिकडे गंझू लोकांच्या पट्ट्यात एक जुना नऊ किलोमीटरचा बेल्ट आहे, खाणीपासून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत. तो काढायचा आणि त्याच वाटेने नवा टाकायचा, पण सायडिंगला न थांबता पुढे थेट वीजघरात. कोळसा बेल्टवरून बंकरमध्ये, बंकरमधून भट्टीत. माणसाचा हात कुठे लागायला नको, असं मालकांचं म्हणणं. आणि आमच्या खर्चाच्या तक्त्यात एक ओळ होती, बेल्टपहारा. दर किलोमीटरला एक पोस्ट आणि तिथे एक माणूस, जो आपल्या तुकड्यावरून दिवसभर चालतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो की हा रोलर गेला, तो जाणार आहे. मालकांना ती ओळ नको होती. सर म्हणाले, टोप्पो, रोलर हलके फिरत असले तर मोटर लहान बसेल, पैसे उरतील, मग पहारेकरी ठेवा म्हणून मी भांडू शकेन. मोटर मोठी लागली तर ती ओळ गेली समज. जा, जुन्या बेल्टवर पाच दिवस बस आणि रिकामा बेल्ट किती वीज खातो ते मोजून आण.

रिकामाच का, तर बेल्टवर माल नसला की जी वीज लागते ती निव्वळ रोलर आणि रबराची. आणि रिकामा बेल्ट रोज मिळतोच. पहिली पाळी दोन वाजता संपते, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच कोळसा टाकणं बंद करतात, बेल्टवर होतं ते सगळं पुढे जातं, आणि मग पाऊण तास बेल्ट नुसता पळवतात. भरलेला बेल्ट थांबवला तर पुन्हा सुरू करताना मोटर रडते, म्हणून.

मी गेले. पहिल्याच दिवशी खाणीच्या टोकाला, एक नंबरच्या पोस्टपाशी, मीटर जोडून बसले. तिथेच बेल्टखाली वजनकाटा आहे, वरून काय गेलं ते किलोमध्ये दाखवणारा. उन्हं अशी की पत्र्याला हात लावून दाखवा. दोन वाजून दहा मिनिटांनी बेल्ट स्वच्छ रिकामा झाला, काळा, चकचकीत, दाणा नाही वर. आणि मग वीज वाढली. खूप नाही, दोन किलोवॅटच्या जरा वर. तेवढीच वाढली आणि तशीच राहिली, छत्तीस मिनिटं. मग बेल्ट मध्येच थांबला, एक मिनिटाने पुन्हा सुरू झाला आणि वीज जिथे असायला हवी तिथे आली, सुईसारखी.

मला वाटलं माझंच मीटर गंडलंय. दुसऱ्या दिवशी दुसरं लावलं. तेच. दोन किलोवॅट, छत्तीस मिनिटं, थांबा, साफ.

मग मी उलटं गणित केलं. दोन किलोवॅट जास्त म्हणजे बेल्टवर किती ओझं असेल? साडेतीन टन. रिकाम्या बेल्टवर साडेतीन टन. मी वजनकाट्याची नोंद काढली, सेकंदाला दहा आकडे लिहितो तो, आणि आकडे पुन्हा पहिल्यापासून वाचले. कारण ते साडेतीन टन एकत्र नव्हतेच. सुटे होते. एक वजन, मग सहा मीटर काही नाही, मग दुसरं वजन, मग सहा मीटर काही नाही. प्रत्येक साधारण दीड-पावणेदोन मीटर लांब. बावन्न किलो. साठ किलो. सत्तेचाळीस. चौसष्ट. मोजले तर एकसष्ट. आदल्या दिवशीची नोंद काढली, तीही एकसष्ट. आणि तेच बावन्न, तेच साठ, त्याच क्रमाने.

कंट्रोल रूममध्ये इम्तियाज म्हणून ऑपरेटर आहे, आपल्याच वयाचा. त्याच्याकडे गेले, कागद समोर ठेवला. तो धुस्का खात होता, तेलकट बोटाने कागद बाजूला सारला आणि म्हणाला, मॅडम, शंभर किलोच्या खालचं काही आमच्या पडद्यावर दिसतच नाही, तसं लावून ठेवलंय. मी म्हटलं, का? तर म्हणे, मी आलो तेव्हापासून तसंच आहे. मग त्या मिनिटभराच्या थांब्याचं विचारलं. रजिस्टरमध्ये रोज एकच ओळ, तार ओढली, सातवी पोस्ट, कारण अज्ञात. बेल्टच्या कडेने शेवटपर्यंत एक तार असते, संकटात कुणीही ओढली की बेल्ट थांबतो, ती. वरचे साहेब त्या ओळीवरून दर महिन्याला बोंब मारतात म्हणाला. मग तेलकट बोटं पुसत म्हणाला, सातला जीतनदा असतो. त्यालाच विचारा, आणि जरा नीट विचारा.

तिसऱ्या दिवशी मी सातला गेले.

जीतन गंझू, पन्नाशीचा, काटक, हातात लांब दांड्याची हातोडी, आणि बोलताना कान कायम बेल्टकडे. सात नंबरपाशी एक ओढा आहे, तिथे बेल्ट खाली उतरतो, अगदी गुडघ्याइतका, बाकी सगळीकडे तो डोक्याच्या वर. आजूबाजूला काही नाही. पळसाची झुडपं, एक बुजलेली विहीर, आणि घरांचे चौथरे, म्हणजे गवतात नुसते चौकोन.

मी विचारायच्या आत तोच म्हणाला, दीदी, तुम्ही मोजलंत म्हणे. किती आले? मी म्हटलं, एकसष्ट. त्याने मान हलवली, मी बरोबर उत्तर दिल्यासारखी.

मग त्याने सांगितलं, कुठला रोलर गेलाय ते सांगावं तसं. इथे चिरूटांड होतं, त्यांचं गाव. गावातली सगळी खाणीवर, बायासुद्धा. पाळी संपली की सात किलोमीटर कोण चालत येणार? रिकामा बेल्ट घराकडेच जातोय. तर चढायचे आणि आडवे व्हायचे, पाय पुढे, सहा पावलं अंतर ठेवून, म्हणजे एकाची लाथ दुसऱ्याच्या डोक्यात नको. नियमात बसत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं, साहेबांनाही. इथे आला की पहारेकरी तार ओढायचा, एक मिनिट. सगळे उतरून घरी. मग गाव उठवलं. बावीस वर्षं झाली. तिकडे वीस किलोमीटरवर कॉलनी दिली, नंबरांची घरं, नळ आहे, सगळं आहे.

मी म्हटलं, मग हे कोण?

"कॉलनीला कुणी घर म्हणत नाही दीदी," तो म्हणाला. "मरेपर्यंत राहतात. मग निघतात."

ऊन होतं हो. डोक्यावर ऊन, दोन पंचेचाळीस झालेले, समोर ओढ्यात म्हशी बसलेल्या. आणि त्याने मला गप्प राहायची खूण केली. आधी मला काही कळलं नाही. मग आवाज आला. रिकाम्या बेल्टखाली रोलर कसे वाजतात माहितीये, हलके, पातळ, भांड्यावर पाणी पडावं तसे. वर ओझं आलं की तोच आवाज जाड होतो, दबतो. तो दबलेला आवाज लांबून यायला लागला. एक रोलर दबला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. तो सुटतोय तोवर मागून दुसरा. वर बघते तर बेल्ट रिकामा. काळा रबर, त्यावर ऊन. आणि तो रबर एका जागी चार बोटं खाली बसलेला, आणि ती बसलेली जागा माझ्या समोरून सरकत गेली. मग पुढची. मग पुढची. जीतनदा ओठांत मोजत होता. शेवटचं आलं, त्याने तार ओढली, बेल्ट थांबला, आणि मग खालपासून वरपर्यंत टक, टक, टक, रबर जागच्या जागी वर आला. एवढंच. म्हशींनी मानही वळवली नाही.

माझ्या हातातली बाटली कधी पडली ते मला कळलं नाही. त्याने उचलून दिली.

मी काय विचारलं माहितीये? इतकं सगळं बघून मी विचारलं, तुम्ही नाही ओढली तार तर? तो म्हणाला, आज नवव्या पोस्टला, सायडिंगवर, बंकर आहे, बंकरमधून माल वाघिणीत जातो. तेही वाईटच. पण तुमचा नवा बेल्ट थांबणार कुठे?

मला माहिती होतं कुठे. मीच काढलं होतं ते चित्र.

मला वाटलं तो आता नोकरीचं बोलेल, पहाऱ्याची ओळ राहू द्या म्हणेल. त्याचं लक्षच वेगळीकडे होतं. त्याचा बाप, चैताबाबा, कॉलनीत खाटेवर होता, चार-सहा दिवसांचा सोबती. आणि हा म्हातारा जन्मात कधी खाणीवर गेला नव्हता. गुरं राखली, टोपल्या विणल्या. बेल्टला इतका भ्यायचा की ओढा ओलांडायचा तर अर्धा कोस वळसा घालून जायचा. "बाकीच्यांना सवय आहे," जीतनदा म्हणाला. "थांबला की उतरतात. बाबांना उतरायचं असतं हेच माहीत नाही. ते पडून राहतील. त्यांना आवाज द्यावा लागेल."

मग द्या की, मी म्हटलं. तुम्ही आहातच इथे.

तो हसला, मला काहीच कळत नाही असं. थोरला मुलगा आहे तो. बाप ज्या दिवशी निघेल त्या दिवशी अग्नी देणार कोण? घाटावर त्याला असावंच लागणार. आणि गावचे सगळे पहारेकरी, नऊच्या नऊ, घाटावरच असणार. त्या दिवशी बेल्टवर आपलं म्हणून कुणी नाही.

त्याने सरळ विचारलं नाही मला. नुसतं म्हणाला, तुम्ही अजून दोन दिवस आहात ना.

चौथा दिवस काहीच झालं नाही. एकसष्ट. मला इतकं बरं वाटलं की मी रात्री घुगनीच्या दोन वाट्या खाल्ल्या.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला गेस्ट हाऊसच्या फाटकाशी जीतनदाचा भाचा निरोप घेऊन आला. पहाटे गेले. मामाने सांगितलंय, त्यांना कानाने कमी ऐकू येत होतं, जरा मोठ्याने. एवढंच बोलला आणि सायकल वळवली.

ठेकेदाराने नऊ पोस्टसाठी बाहेरची दोन माणसं पाठवली होती, ती चौथ्या पोस्टच्या सावलीत पत्ते खेळत होती. मी एकटीच सातला जाऊन उभी राहिले. सव्वादोनला इम्तियाजचा फोन आला, हळू आवाजात, कारण मोठे साहेब नेमके त्या दिवशी कंट्रोलमध्ये येऊन बसले होते. त्याने पडद्यावरची ती शंभर किलोची अट काढून बघितलं होतं. मॅडम, म्हणाला, बासष्ट. शेवटचं अडतीस किलोचं आहे. आणि साहेब म्हणतायत आज कारण अज्ञात दिसलं तर मी घरी.

अडतीस किलो. खाटेवर पडून पडून झालेलं माणूस.

आता बघा, मी काय आहे? मी बेरजा करणारी मुलगी. त्या तारेला हात लावायचा मला अधिकारही नाही, आणि लावला तर इम्तियाजची नोकरी. न लावला तर साडेतीन टन आणि अडतीस किलो पुढे. मी घड्याळ बघत उभी. छत्तीस मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहिती नव्हतं. वारा नाही. ओढ्यात त्या दिवशी म्हशीसुद्धा नाहीत.

मग तो दबलेला आवाज आला. मी मोजायला लागले. मधे तेहतीस की चौतीस असा घोळ झाला, घाम डोळ्यांत, पण मी मोजत राहिले आणि बासष्टावर तार ओढली. दोन्ही हातांनी ओढली, नको इतक्या जोरात.

बेल्ट थांबला. टक, टक, टक, सायडिंगच्या बाजूकडून माझ्याकडे रबर उचलत आला. मी त्या आवाजाच्या दिशेने बेल्टच्या कडेने दहा-वीस पावलं गेले. आवाज संपला. आणि शेवटची जागा तशीच. बेल्ट तिथे माझ्या कमरेइतका होता. त्यात एक लहानसा खळगा, लहान, पाय पोटाशी घेऊन कुणी निजावं तसा. उन्हात सगळा रबर तापून वास मारत होता, आणि त्या खळग्यावर हात नेला तर गार.

फोन वाजायला लागला. इम्तियाज. मागे साहेबांचा आवाज, कुणी ओढली, कुणी ओढली. मी फोन खिशातच ठेवला आणि म्हटलं, चैताबाबा, उतरा. काही नाही. जरा मोठ्याने म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. खळगा जरा हलला, पण उलटा, अजून आत, जसं कुणी घाबरून अंग चोरून घ्यावं. आणि मला एकदम लक्षात आलं की अरे, हा माणूस मला ओळखतच नाही. आयुष्यभर ज्याला भ्याला त्या बेल्टवर पडलाय आणि कुणी शहरातली बाई डोक्यावर उभी राहून उतरा म्हणतेय. मिनिट संपत आलं होतं. मिनिट संपलं की कंट्रोलमधून बेल्ट आपोआप सुरू होतो.

मी वाकले, अगदी त्या खळग्याच्या कानापाशी, म्हणजे जिथे कान असेल तिथे, आणि म्हटलं, "बाबा, चिरूटांड आलं. विहिरीपाशी आलो आपण. जीतनचं घाटावरचं काम झालं की येतोय तो मागून. तुम्ही व्हा पुढे."

भोंगा वाजला. बेल्ट सुरू होण्याआधी वाजतो तो. आणि त्या भोंग्यात मला टक ऐकूच आला नाही. फक्त दिसलं, रबर सपाट झालेला. आणि माझ्या मनगटाला काहीतरी टेकून गेलं, हलकं, म्हाताऱ्या माणसाने खाली उतरताना आधार घ्यावा तसं. मग बेल्ट निघून गेला. एक नंबरला जाऊन मीटरची नोंद बघितली. साफ. जिथे असायला हवं तिथे.

इम्तियाजला मी नंतर लिहून दिलं, तार मी ओढली, मोजमापासाठी, कारण ज्ञात. साहेबांनी मला दोन तास बसवून ठेवलं, बाकी काही करू शकले नाहीत.

रांचीला आले आणि सगळे कागद घटक सरांच्या टेबलावर ठेवले. आता माझी पंचाईत ही की वीज जास्त का लागली ते लिहायला हवं. नाही लिहिलं तर रोलर जड ठरणार, मोटर मोठी बसणार, नऊ कोटी वर आणि पहारा गेला. लिहायचं तर लिहू काय? सर मुढी खात होते वर्तमानपत्रावर, कांदा-मिरची घालून. एका हाताने खात, दुसऱ्या हाताने कागद उलटत गेले. वजनांच्या यादीपाशी थांबले. खाणंही थांबलं. जुना बेल्ट सरांनीच टाकला होता, तरुणपणी, आणि गाव उठल्यावरही दोन वर्षं तिथेच होते, हे मला माहिती होतं, पण तेवढंच.

मी म्हटलं, सर, बेल्ट रिकामा नव्हता.

सर म्हणाले, "मी तिथून निघालो तेव्हा चार होते."

मग त्यांनी पेन्सिल घेतली, साडेतीन टन ओझं म्हणून वजा केलं आणि रोलरचा आकडा काढला. छान आला, हलका. मोटर लहान बसली. पुढे काहीही न विचारता पहाऱ्याच्या ओळीवर आले. म्हणाले, सोळा माणसं हे लोक देणार नाहीत, मी कितीही भांडलो तरी, सगळं कॅमेऱ्यावर हवंय त्यांना. एक माणूस मी मिळवू शकतो, सात किलोमीटरला, आणि त्याच्यासाठी एक मिनिटाचा थांबा. पण कॅमेऱ्याला न जमणारं काम असलं पाहिजे. लिही.

मी लिहिलं, देखरेख. त्यांनी खोडलं. मी लिहिलं, रोलर तपासणी. खोडलं, म्हणाले यंत्र येतं त्याला. मी लिहिलं, आपत्कालीन थांबा. माझ्याकडे असं बघितलं की मीच खोडलं. मग त्यांनी कागद आपल्याकडे ओढला आणि त्यांच्या त्या बारीक बंगाली वळणाच्या अक्षरात लिहिलं, आवाज देऊन बेल्ट रिकामा झाल्याची खात्री करणे.

ओळ मंजूर झाली. समितीने एवढंच विचारलं की हा कामगार कुशल धरायचा की अकुशल. सरांनी कुशल लिहून पाठवलं.